उतारवयात पाठीला बाक का येतो?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, सॅन डिएगो शहराच्या उत्तर अंगाला रँचो बर्नार्डो नावाची वस्ती आहे. १९७२ साली तिथल्या रहिवाशांच्या हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला आणि एलिझाबेथ बॅरेट-कॉनर या साथरोगतज्ज्ञ बाईंच्या चिकाटीमुळे तो पुढे कित्येक दशके चालला. माणसे म्हातारी होत गेली तशी त्या अभ्यासात नवनवी मोजमापे येत गेली. त्यांतले एक मोजमाप करायला कोणतेही यंत्र लागत नाही. माणसाला टेबलावर उताणे झोपवायचे. मान मागे न टाकता, नजर सरळ छताकडे ठेवून डोके टेबलाला टेकते का ते पाहायचे. टेकत नसेल तर डोक्याखाली १.७ सेंटिमीटर जाडीचा ठोकळा सरकवायचा. तो पुरला नाही तर दुसरा, मग तिसरा. किती ठोकळे लागले तो आकडा वहीत लिहायचा, की झाले.

या आकड्यांवरचा निबंध २००४ साली डेबोरा काडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. १३५३ स्त्री-पुरुषांची नोंद त्यात होती आणि मोजमापानंतर सरासरी चार वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांचा मागोवा घेतलेला होता. वय आणि लिंग यांचा हिशेब धरल्यावरही, एक किंवा अधिक ठोकळे लागलेल्या लोकांचा मृत्युदर डोके सहज टेकणाऱ्यांच्या १.४४ पट निघाला. पाठीच्या बाकामुळेच माणसे दगावली असा याचा अर्थ नाही. बाकाबरोबर आणखी पुष्कळ गोष्टी चालत येतात आणि त्यांतली कोणती किती जबाबदार हे असल्या अभ्यासातून सुटे करता येत नाही. तरीही डोक्याखालच्या लाकडाच्या तुकड्यांनी माणसाच्या एकूण प्रकृतीबद्दल इतके सांगावे, ही मला विलक्षण गोष्ट वाटते.

विलक्षण अशासाठी, की पोक काढून चालणारा म्हातारा किंवा म्हातारी आपल्या नजरेला इतकी सवयीची आहे की तिच्याकडे आपण आजार म्हणून पाहतच नाही. लहान मुलांच्या पुस्तकातली आजी वाकलेली असते. ब्रिटनमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धांबद्दल वाहनचालकांना सावध करणारी पाटी १९८१ साली आली. तिच्यावरही काठी टेकत चाललेले वाकलेले जोडपे आहे. म्हातारपण दाखवायचे तर पाठ वाकवायची, हा संकेत जगभर आहे. तो पुरता खरा मात्र नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत उतारवयातल्या साधारण २० ते ४० टक्के लोकांत पाठीचा असा वाढलेला बाक आढळतो. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना तो येतच नाही. निव्वळ वयाने पाठ वाकत असती, तर ऐंशी वर्षांचा ताठ माणूस दिसलाच नसता. तेव्हा वयाबरोबर शरीरात नेमके काय घडते, आणि कोणाच्या शरीरात ते जास्त घडते, हे पाहायला हवे.

सुरुवात अगदी आरंभापासून करू. आईच्या पोटातल्या बाळाचा कणा एकाच दिशेने वळलेला असतो, पोटाच्या बाजूला अंतर्वक्र. जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी बाळ मान धरते तेव्हा मानेचा उलट बाक तयार होऊ लागतो. ते उभे राहून पावले टाकू लागते तेव्हा कमरेचा. छातीमागचा भाग मात्र गर्भातला मूळ बाक तसाच राखून असतो. त्यामुळे प्रत्येक निरोगी माणसाच्या पाठीला वरच्या भागात थोडा बाक असतोच आणि तो असायलाच हवा. फुप्फुसांना आणि हृदयाला जागा त्याच्यामुळे मिळते. तरुण वयात हा बाक साधारण २० ते ४० अंशांचा असतो. ४० अंशांच्या पुढे गेला, की वैद्यकात त्याला हायपरकायफोसिस म्हणतात. हे अंश मोजण्याची पद्धत जॉन कॉब या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९४८ साली कणा बाजूला झुकण्याच्या विकारासाठी मांडली होती. एक्स-रेवर वरच्या एका मणक्याच्या माथ्यालगत आणि खालच्या एका मणक्याच्या तळालगत रेषा काढायच्या आणि त्या एकमेकींशी करतात तो कोन मोजायचा. हीच युक्ती पुढे पुढच्या-मागच्या बाकासाठीही वापरात आली.

मानेत ७ मणके, छातीमागे १२, कमरेत ५. छातीमागच्या १२ मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने कण्याचा हा भाग सर्वांत कमी लवचीक. मणक्याचा पुढचा भाग म्हणजे जाड, दंडगोलासारखा ठोकळा. तो बाहेरून घट्ट दिसतो, पण त्याचे कवच पातळ असते आणि आतला सगळा भाग हाडाच्या बारीक काड्यांच्या जाळीने भरलेला असतो. काही काड्या उभ्या, काही आडव्या. वजन पेलतात त्या उभ्या. आडव्या काड्या उभ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. हाड विरळ होऊ लागते तेव्हा आडव्या काड्या आधी झिजतात आणि तुटतात, आणि सगळा घात तिथे होतो. बांबूचा मांडव उभारणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: उभ्या खांबांना मध्ये आडवा बांबू बांधला नाही, तर खांब तितकेच जाड असूनही भाराखाली लवतात. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात याचे सूत्र मांडले. खांबाची आधाराविना असलेली लांबी दुप्पट झाली, की तो जितक्या भाराला लवतो तो भार चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून मणक्यातले हाड वजनाने थोडेच घटलेले असते तेव्हाही त्याची ताकद कितीतरी जास्त घटलेली असते.

असा मणका मोडायला अपघात लागत नाही. पाण्याची बादली उचलताना, गादी उलटताना, जोरात खोकताना, एसटी खड्ड्यातून गेली म्हणून बसलेल्या हिसक्यानेही तो पुढच्या बाजूने दबतो. मागची बाजू तशीच राहते, पुढची बसते, आणि दंडगोलाची पाचर होते. पाठीत उसण भरली, चमक निघाली असे म्हणून माणूस दोन दिवस शेक घेतो आणि पुढे चालू लागतो. मणक्याच्या अशा मोडण्यांपैकी बहुतेक डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. पुढे कधीतरी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेत त्या दिसतात. दोन ठिकाणी त्या जास्त आढळतात. एक, छातीमागे मध्यावर, सातव्या-आठव्या मणक्यापाशी, जिथे बाकाचे टोक असते आणि पुढे वाकवणारा जोर सर्वांत जास्त पडतो. दुसरे, छाती संपून कंबर सुरू होते तिथे, जिथे बरगड्यांनी जखडलेला कणा मोकळ्या कण्याला मिळतो. एक मणका पाचरीसारखा झाला, की शरीराचे वजन आणखी पुढे सरकते, शेजारच्या मणक्यांवरचा जोर वाढतो आणि त्यांची पाळी जवळ येते.

मुळात हाडे विरळ का होतात, याची कारणे अनेक. १९४१ साली बॉस्टनचे डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी पाळी जाण्याचा आणि हाडे विरळ होण्याचा संबंध ठामपणे मांडला. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी सत्तेचाळिशीच्या आसपास जाते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा तीन-चार वर्षे आधी, आणि हाड झपाट्याने झिजण्याचा काळ त्यानंतर लगेच सुरू होतो. आपल्याकडे ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्यात दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडची भर पडते. दम्यासाठी, संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेली तरी नोंदीत असतात. सांधेदुखीवर म्हणून बिननावाच्या पुड्या विकल्या जातात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा उघड झाले आहे. घरातले वडीलधारे असली पुडी घेत असतील तर ती दडवून न ठेवता डॉक्टरांना दाखवा, एवढे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, की बाक म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. खुद्द डॉक्टरांचीही बराच काळ अशीच समजूत होती. पण बाक अतिशय वाढलेल्या लोकांचे एक्स-रे पाहिले तेव्हा मोडलेले मणके सुमारे एक तृतीयांश लोकांतच सापडले. बाकीच्यांचे मणके शाबूत, आणि तरी पाठ गोल.

त्यातला एक वाटा मणक्यांमधल्या चकत्यांचा. कण्याच्या एकूण उंचीचा साधारण चौथा हिस्सा चकत्यांचा असतो. त्या पाणी धरून ठेवतात. दिवसभर वजनाखाली थोडे पाणी निघते, रात्री आडवे झाल्यावर परत भरते, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. अंतराळात वजनच नसल्याने अंतराळवीर काही सेंटिमीटर वाढतात. वयाबरोबर चकतीची पाणी धरण्याची शक्ती जाते. छातीमागच्या चकत्यांवर भार पुढच्या कडेला जास्त येत असल्याने त्या पुढून जास्त बसतात. बारा मणक्यांमधल्या चकत्या प्रत्येकी थोड्याशा पाचरी झाल्या, तरी एकत्र मिळून बाक चांगलाच वाढतो.

दुसरा वाटा स्नायूंचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून माकडहाडापर्यंत उभे स्नायू असतात. डोके, हात, छाती या सगळ्यांचे वजन कण्याच्या पुढे पडते; ते मागून ओढून धरण्याचे काम हे स्नायू जागेपणी जवळजवळ अखंड करतात. वयाबरोबर ते बारीक होतात, त्यांत चरबी शिरते, आणि ओढ सैल पडली, की पाठ वजनाच्या दिशेने जाते. पाठ पुढे गेली, की त्याच स्नायूंना आणखी प्रतिकूल स्थितीत आणखी जास्त वजन ओढावे लागते. शिवाय आनुवंशिकता आहेच. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या कुटुंबांच्या अभ्यासात माणसामाणसांच्या बाकातल्या फरकाचा सुमारे निम्मा भाग वारशाने येणारा निघाला. आजोबांचा बाक नातवात उतरताना दिसतो तो केवळ अनुकरणाने नव्हे.

एक गोष्ट आधी वेगळी काढली पाहिजे, विशेषतः भारतात. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्याकडे आहे आणि क्षय मणक्यातही होतो. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली त्याचे वर्णन केले आणि त्या विकाराला त्यांचेच नाव मिळाले. वयाचा बाक बऱ्याच मणक्यांवर पसरलेला, गोलसर असतो. क्षयाने एक-दोन शेजारचे मणके खाल्ले जातात, म्हणून पाठीवर एकाच जागी टोकदार उंचवटा येतो. त्याबरोबर बारीक ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम, पायांत आलेली अशक्तता यांतले काही असेल, तर ते म्हातारपण नाही आणि एक दिवसही थांबण्यात अर्थ नाही. क्षय औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

दुसरा फरक जागेचा. पाठ वरून गोल होणे निराळे आणि माणूस कमरेतून वाकणे निराळे. कमरेतल्या वाकण्यावर सर्वांत बारकाईने लिहिले ते जपानी डॉक्टरांनी. होक्काइदो बेटावरच्या असाहिकावा इथल्या ताकेमित्सु आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली त्यावर निबंध लिहिला, आणि पुढे जपान-कोरियात आयुष्यभर शेतात वाकून राबलेल्या स्त्रियांत हा विकार वारंवार नोंदला गेला. त्यांच्या कमरेचे मागचे स्नायू जवळजवळ संपलेले असतात. थोडे अंतर चालले, की त्या पुढे कलंडत जातात. ओट्यापाशी उभे राहायचे तर कोपर टेकून शरीराचा भार हातांवर घ्यावा लागतो, आणि वर्षानुवर्षे तसे करून कोपराची कातडी घट्टे पडून राठ होते. डॉक्टरांनी निदानाच्या खुणांत या कोपराचीही नोंद केली आहे. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे भाताची लावणी करणाऱ्या बायका चिखलात दिवसच्या दिवस कमरेतून वाकून काम करतात; त्यांच्या पाठींकडेही अशाच बारकाईने कोणी पाहावे असे मला मनापासून वाटते.

आता वरच्या पाठीच्या बाकाने अंगात काय बिघडते ते पाहू. नजर सरळ समोर राहावी ही शरीराची पहिली गरज. पाठ पुढे झुकली, की डोळे जमिनीकडे जातात. ते वर आणायला मान मागे मोडावी लागते. म्हणून बाक आलेल्या माणसाची मान आणि डोक्याचा मागचा भाग कायम दुखतो. मानेचे भागले नाही, तर शरीर खालून भरपाई करते: माकडहाड आत घेते, गुडघे वाकवते. वाकल्या गुडघ्यांनी उभे राहणे फार थकवणारे असते. शिवाय वजनाचा मध्य पुढे सरकल्याने पडण्याची भीती वाढते, आणि विरळ हाडांच्या माणसाने पडणे म्हणजे खुब्याचे हाड.

श्वासाचेही तसेच. बरगड्या मणक्यांना जोडलेल्या असल्याने पाठ गोल झाली, की त्यांची वर-बाहेर होण्याची हालचाल आखडते. छातीमागचा एकेक मणका मोडला, की फुप्फुसात एका दमात मावणारी हवा अपेक्षेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते, असे १९९० सालच्या एका अभ्यासात दिसले. एका मणक्याने फरक जाणवत नाही. तीन-चार मणक्यांनी जिना चढताना जाणवतो, आणि मग तो दोष हृदयाच्या नावावर जातो. खांद्याचे पाते पुढे ओढले गेल्याने हात डोक्यावर जात नाही. फडताळातला वरचा डबा काढणे, वेणी घालणे, दोरीवर कपडे वाळत घालणे बंद होते. बरगड्या खाली येऊन पोटावर टेकतात, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे होते, आंबट घशाशी येते. साडीच्या निऱ्या पुढून जमिनीला लागू लागतात आणि ब्लाउज पाठीमागून वर चढतो. घरच्यांच्या कितीतरी आधी हा बदल शिंप्याच्या फितीला कळतो.

घरच्या घरी करण्याजोगी तपासणी सोपी आहे. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, हनुवटी न उचलता, समोर पाहत उभे राहायचे. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर मधले अंतर पट्टीने मोजून तारखेसह लिहून ठेवायचे आणि वर्षाने पुन्हा पाहायचे. दुसरी खूण मागे उभे राहून पाहायची: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या जागेत दोन बोटेही मावत नसतील, तर कमरेजवळचा मणका दबलेला असण्याचा संभव. २००४ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अशा खुणांचा आढावा आला. त्यात या दोन्हींबरोबर ५१ किलोपेक्षा कमी वजन आणि तोंडात २० पेक्षा कमी दात या खुणाही हाडांच्या ठिसूळपणाकडे बोट दाखवणाऱ्या ठरल्या. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त उंची घटली असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढावा असे तज्ज्ञ सांगतात. तरुणपणीची उंची आठवत नसेल तर जुन्या पासपोर्टात किंवा नोकरीच्या वैद्यकीय दाखल्यावर ती बहुधा सापडते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आता जिल्ह्याच्या बऱ्याच शहरांत होते, पण ती घनता सांगते, बाक सांगत नाही. बाकासाठी भिंतच बरी.

उपायांत औषधांची जागा पक्की आहे, पण ती हाडांपुरती. हाडांची झीज थांबवणारी औषधे पुढचे मणके मोडण्याचे प्रमाण खूप कमी करतात. मोडलेला मणका ती उभा करत नाहीत. यांतल्या डेनोसुमॅब या दर सहा महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनाबद्दल एक गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना माहीत असलीच पाहिजे: ते मनाने मध्येच बंद केले, तर हाड उलट झपाट्याने झिजते आणि एकापाठोपाठ मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. थांबवायचे तर डॉक्टरांना विचारून, पुढचे औषध ठरवूनच. दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची रीत १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये निघाली आणि जगभर पसरली. पण २००९ साली दोन काटेकोर चाचण्यांत ती खोट्या, नुसत्या भासवलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा वेदना कमी करण्यात सरस ठरली नाही.

व्यायामाचे मात्र तपशीलात सांगितले पाहिजे, कारण इथे चांगल्या हेतूने मोठे नुकसान होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मेहर्षीद सिनाकी यांनी १९८४ साली कण्याची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले होते, काहींना पुढे वाकण्याचे, काहींना दोन्ही, काहींना कोणतेच नाहीत. नंतरच्या एक्स-रेत मणके नव्याने दबल्याचे प्रमाण मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्के निघाले, पुढे वाकणाऱ्या गटात ८९ टक्के, आणि व्यायामच न करणाऱ्यांत ६७ टक्के. गट लहान होते हे खरे, पण फरक डोळे उघडणारा आहे. पुढे वाकण्याचा व्यायाम काहीच न करण्यापेक्षाही वाईट ठरला होता.

हे महाराष्ट्रात मोठ्याने सांगण्याची गरज आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला तेव्हापासून तो आपल्या घराघरांत, शाळाशाळांत गेला, आणि आज गावोगावच्या बागांत ज्येष्ठ नागरिकांचे गट सकाळी तो घालतात. निरोगी पाठीला तो उत्तमच. पण पाळी जाऊन पंधरा वर्षे झालेल्या, हाडांची घनता कधीच न तपासलेल्या बाईने कमरेतून वाकून गुडघ्याला कपाळ लावण्याचा अट्टहास करू नये. पश्चिमोत्तानासन, हलासन, पदहस्तासन यांचेही तेच. २०१३ साली सिनाकी यांनीच अशा तीन व्यक्तींची हकीकत लिहिली, ज्यांची हाडे विरळ होती पण पाठ ठीक होती, आणि योगासनांत पुढे वाकल्यावर ज्यांचे मणके दबले.

योगच टाळावा असा याचा अर्थ मी घेत नाही, आणि पुरावाही तसा नाही. लॉस एंजेलिसमध्ये गेल ग्रीनडेल यांनी साठीपुढच्या, बाक आलेल्या ११८ लोकांवर चाचणी घेतली. २००९ साली ती प्रसिद्ध झाली. आठवड्याला तीन दिवस, एक तास, सहा महिने. आसने या वयाला झेपतील अशी बदलून घेतलेली होती. वाकवता येणाऱ्या पट्टीने मोजलेला बाक योग करणाऱ्या गटात तुलनेने सुमारे ४.४ टक्क्यांनी सुधारला. चालण्याचा वेग वगैरे मात्र बदलला नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, खुर्ची, लोड, भिंत यांचा आधार घेऊन आसने करवण्याची जी पद्धत घडवली, तिचे मोल अशा पाठींसाठी मोठे आहे. खुर्चीच्या पाठीवर टेकून छाती उघडणे सत्तरीच्या माणसालाही जमते.

जर्मनीत २००४ साली ६२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत पाठीवर घालायच्या एका हलक्या पट्ट्याने सहा महिन्यांत बाक ११ टक्क्यांनी कमी झाला आणि पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. पट्ट्याने स्नायू आळशी होतात असे आपण ऐकत आलो आहोत. घट्ट आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे तसे होतही असेल, पण हा पट्टा माणसाला स्वतःहून ताठ व्हायची आठवण देत राहणारा होता.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेंडी काट्झमन यांच्या चाचणीत, जी २०१७ साली प्रसिद्ध झाली, साठीपुढच्या ९९ स्त्री-पुरुषांनी भाग घेतला. बाक ४० अंश किंवा जास्त. भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा पाठीच्या स्नायूंचे व्यायाम आणि दिवसभर ताठ बसण्या-उभे राहण्याचा सराव. सहा महिन्यांनी एक्स-रेवर बाक सरासरी तीन अंशांनी कमी झाला होता. तीन अंश फार नव्हेत, पण हा बाक वयाबरोबर वाढतच जाणारा असतो हे ध्यानात घेतले तर त्यांची किंमत कळते. चालण्या-उठण्याच्या कसोट्यांत फरक पडला नव्हता. आपण कसे दिसतो याबद्दलचे त्या लोकांचे समाधान मात्र वाढले होते, आणि मला ती बाब दुय्यम वाटत नाही. लग्नकार्यात फोटो काढताना मागच्या रांगेत सरकणारी मावशी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे.

आणि सिनाकी यांचीच आणखी एक चाचणी, २००२ साली प्रसिद्ध झालेली. पाळी गेलेल्या ५० निरोगी स्त्रिया. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी दोन वर्षे एक साधा व्यायाम केला: पालथे झोपायचे, पाठीवर वजनाची पिशवी घ्यायची आणि छाती जमिनीपासून थोडी उचलायची. वजन हळूहळू वाढवत न्यायचे. दोन वर्षांनी व्यायाम थांबला आणि बायका आपापल्या घरी गेल्या. आठ वर्षांनी सर्वांना पुन्हा बोलावून तपासले. व्यायाम केलेल्या गटाच्या पाठीचे स्नायू तेव्हाही जास्त ताकदवान होते. दबलेल्या मणक्यांचे प्रमाण त्यांच्यात १.६ टक्के होते, तर व्यायाम न केलेल्या गटात ४.३ टक्के.